सीटवरचा पाना

मीरे, १८ फेब्रुवारी १९७९

प्रिय ओशिल्ड,

तुझी तीन पत्रं माझ्या उशीखाली आहेत आणि तिन्हींना उत्तर दिलेलं नाही. पहिलं तर नोव्हेंबरातलं आहे. कामाचं निमित्त सांगणार होतो, पण नोव्हेंबरात इथं मासळीच नव्हती, हे तुला कुणीही सांगेल. तेव्हा खरं काय ते सांगतो. दर रविवारी कागद काढायचो, ‘प्रिय ओशिल्ड’ एवढं लिहायचो, आणि मग त्याच कागदावर बोटींची चित्रं काढत बसायचो. अशा दहा-बारा बोटी झाल्यात. एक बरी आली आहे, ती टिरिलला पाठवतो. तिला म्हणावं, हा मामाचा जहाजांचा ताफा.

आता कॉड मासा आलाय आणि बसायला फुरसत नाही, आणि नेमका आत्ताच लिहितोय, असं माझं असतं. आम्ही चौघं एका खोलीत राहतो. वैको नावाचा एक फिनलंडचा माणूस माझ्या वरच्या फळीवर झोपतो, बूट घालून. विचारलं तर म्हणतो, आग लागली तर धावायला बरं. मी म्हटलं, इथं सगळं इतकं ओलं आहे की आग लागायला आधी अर्ज करावा लागेल. तो हसला नाही. त्याला दोन दिवसांनी हसू येतं.

तर तू दोन गोष्टी विचारल्या आहेस. नाताळला घरी का आलो नाही, आणि गाडी डोंगरापलीकडे न्यायची तर काय काय बघून घ्यायचं. दुसरं सोपं आहे, म्हणून ते आधी.

रेडिएटरमधलं पाणी गॅरेजवाल्या आर्नल्योतकडून तपासून घे, उणे तीसपर्यंत गोठायला नको. पेट्रोलच्या टाकीत अर्धा पेला स्पिरिट ओत, नाहीतर आतला ओलावा नळीत गोठतो आणि गाडी नेमकी चढावर बंद पडते. बॅटरी रात्री घरात आण. डिक्कीत मागच्या चाकांवर वाळूचं एक पोतं टाक. आपली वॅगन मागून हलकी आहे, वळणावर शेपूट फिरवते. फावडं, दोरखंड, लाल त्रिकोण. मेणबत्त्या आणि दोन काडेपेट्या, दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी ठेव. बर्फात अडकलीस तर इंजिन चालू ठेवून बसू नकोस, धुरानं माणसं मरतात. एक मेणबत्ती लाव, काच बोटभर उघडी ठेव, आणि लोकरीचं पांघरूण घेऊन बसा. गाडीबाहेर पडून चालत जायचं नाही, काहीही झालं तरी. थांबलीस की हँडब्रेक लावू नकोस, तो गोठून बसतो. गियरमध्ये टाकून ठेव. टिरिलला मधे बसवू नकोस, बाबांच्या मागे बसव.

पण ओशिल्ड, हे मला का विचारतेस? तीस वर्षं शाळेची बस चालवलेला माणूस त्याच घरात खिडकीशी बसलाय. त्यांना विचार ना.

आणि त्या वृद्धाश्रमाचं एवढं घाईनं ठरवायलाच हवं का? ते फक्त पासष्ट वर्षांचे आहेत.

तुझा,
टोर्ये

•

घर, २७ फेब्रुवारी

प्रिय टोर्ये,

चार पानं आली. त्यातलं एक गाडीचं, एक बोटीचं आणि उरलेली दोन वैकोच्या बुटांची. तरी बरं वाटलं. टिरिलनं बोट भिंतीला लावलीय आणि तिला ‘आजी’ असं नाव दिलंय. मी ते तसंच राहू दिलं.

तू म्हणतोस, बाबांना विचार. विचारलं. मी तुझी यादी वाचून दाखवली आणि म्हटलं, यात काही राहिलंय का? ते म्हणाले, विसरलो. काल जेवायला काय केलं होतं? विसरलो. आज कुठला वार? विसरलो. मग सकाळी सात वीसला शाळेची बस खालच्या रस्त्यानं जाते, तेव्हा मात्र ते खुर्चीतून उठून उभे राहतात. रोज. नवा ड्रायव्हर हात वर करतो. बाबा करत नाहीत. बस वळणापलीकडे गेली की परत बसतात.

मी इथं राहू शकत नाही, टोर्ये. तुझा मेहुणा लाइदुल्फ जूनपर्यंत जहाजावर आहे, टिरिलची शाळा आधीच महिनाभर बुडालीय, आणि बाबांना या घरात एकटं ठेवून मी ओलेसुंडला परत जाऊ शकत नाही. तिथला आश्रम आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. खिडकीतून समुद्र दिसतो. सात एप्रिलला, शनिवारी, निघायचं. त्यांची खुर्ची आणि आईची पेटी गाडीतूनच न्यावी लागेल. आगगाडीतून खुर्ची कुठं नेऊ?

गाडी आर्नल्योतनं परवा आणून दिली. उजवी बाजू नवी केलीय, रंग मात्र जरा वेगळा आहे, पालकासारखा. फाटकाबाहेरच उभी केली. मी म्हटलं, आत ये, कॉफी तयार आहे. तर म्हणाला, घाई आहे. आर्नल्योतनं या घरची कॉफी कधी नाकारलीय का? आई गेली त्या अपघाताच्या दिवशी त्यानंच फौजदाराला सांगितलं होतं ना, पुढच्या उजव्या चाकाचे उरलेले नट हातानं फिरत होते म्हणून. तेव्हापासून तो आमच्याकडं बघत नाही. जसं काही त्यानंच केलंय.

आणि चाकं नव्यानं चढवलेली, म्हणून त्यानं पाना ड्रायव्हरच्या सीटवर ठेवलाय.

तुला आठवतं ना, बाबांनी बसच्या गॅरेजमधून आपल्या घरात आणलेला तो नियम. चाकं बदलली की पाना सीटवर. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर थांबायचं, पुन्हा सगळे नट आवळायचे, आणि मगच पाना डिक्कीत टाकायचा. बसायचं तर आधी पाना उचलावा लागतो, म्हणजे विसरताच येत नाही. आणि तरी ते विसरले. तेच. मी त्या पान्याकडं खिडकीतून बघते, टोर्ये, आणि मला त्याला हात लावावासा वाटत नाही.

आणि तू एवढी यादी लिहिलीस, वाळू, मेणबत्त्या, स्पिरिट, पण नटांबद्दल एक शब्द नाही. सगळं सोडून नेमकं तेच कसं राहिलं रे?

ओशिल्ड

•

मीरे, ८ मार्च

प्रिय ओशिल्ड,

राहिलं खरं.

नटांचं असं. पन्नास किलोमीटर झाले की सपाट जागा बघून थांब. समोरासमोरचे आवळायचे, गोल गोल फिरून नाही. पाना लावून त्यावर पाय देऊन उभी राहा, तुझं वजन पुरेल. चारही चाकं. आणि कुणी म्हणालं की झालेत आवळून, तरी तू स्वतः खाली वाकून बघ. मी म्हणालो तरी. मी म्हणालो तर जास्तच.

इथं गेल्या आठवड्यात एक गंमत झाली. जिभा कापायच्या कामावर गावातली पोरं असतात, तुला माहीत आहे, कॉडच्या जिभा काढून विकायचा हक्क इथं पोरांचा. त्यांतला एक दहा वर्षांचा मला म्हणाला, तू इथं कशाला आलास, तुझ्या गावाला मासे नाहीत का? मी म्हटलं, नाहीत, आमच्याकडं फक्त झाडं आणि गप्प बसलेली माणसं. तो म्हणाला, मग परत जाऊन बोल की त्यांच्याशी. मी तासभर त्याच्यावर चिडून होतो. दहा वर्षांचं पोरगं, हातात सुरा, आणि

हे मी का लिहितोय. लिहायचं दुसरंच होतं.

आश्रमाला डॉक्टरांचा कागद लागेल, तो तू अजून दिला नाहीस ना? नको देऊस. बाबा विसराळू नाहीत. तू पाच वर्षं दूर राहिलीस म्हणून तुला वाटतं. गेल्या ऑक्टोबरात मी तीन आठवडे घरी होतो. त्यांना सगळं आठवत होतं, मी दहा वर्षांचा असताना हरवलेल्या करवतीची मूठ कुठल्या लाकडाची होती इथपर्यंत. माणूस असा एकाएकी विसरायला लागत नाही. दुःखानं गप्प बसणं वेगळं, विसरणं वेगळं. थोडं थांब. ईस्टर होऊ दे. मला एक काहीतरी लिहायचं आहे, ते लिहीपर्यंत तरी थांब.

बर्फ कसा आहे?

टोर्ये

•

घर, १५ मार्च

प्रिय टोर्ये,

बर्फ आहे तसाच आहे, कमरेएवढा.

तू तिकडं बसून सांगतोस, थांब. कशासाठी थांबू, ते मात्र लिहीत नाहीस. ‘एक काहीतरी’ म्हणजे काय? तुला पैसे हवे असतील तर सरळ सांग. मुलगी असेल तरी सांग. पण बाबांच्या बाबतीत मला सल्ला देऊ नकोस. अंत्यविधीनंतर तिसऱ्या दिवशी तू पिशवी उचलून निघून गेलास. ताटं मी धुतली.

डॉक्टर सोमवारी आले होते. त्यांनी बाबांना तारीख विचारली, राजाचं नाव विचारलं, सात आठे किती ते विचारलं. बाबा प्रत्येक प्रश्नाला म्हणाले, आठवत नाही. शांतपणे, जरा बाजूला बघत. मग डॉक्टरांनी त्या दिवसाबद्दल विचारलं. तेव्हा मात्र बाबांनी त्यांच्याकडं बघितलं आणि म्हणाले, ‘चाकं आवळायला विसरलो. फौजदाराच्या कागदात लिहिलेलं आहे.’

डॉक्टरांनी मान हलवली. म्हणाले, सुरुवात तिथूनच झाली असणार.

आणि त्याच संध्याकाळी काय झालं सांगू? टिरिल त्यांच्या पायाशी खेळत होती, तर बाबा तिला बसचे थांबे सांगत होते. एकेका थांब्यावर कुठलं पोर चढायचं, कुणाला गाडी लागायची, कुणाला पुढं बसवायचं, एकोणीसशे अठ्ठेचाळीसपासून. एकही चुकला नाही. मी डॉक्टरांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, असंच असतं, जुनं राहतं, नवं गळतं.

जागा मिळाली आहे. एक एप्रिलच्या आत सही करून कागद पाठवायचा. मी अजून केलेली नाही, तुझ्यामुळं नाही, माझाच हात उठत नाही.

गाडीचं सगळं जमतंय. वाळू भरली, फावडं ठेवलं, मेणबत्त्या ठेवल्या, एक काडेपेटी कप्प्यात आणि एक फावड्याच्या पिशवीत. टिरिलसाठी चॉकलेट, बाबांसाठी तपकिरी चीज. पाना अजून सीटवरच आहे. बाबा एकदा बाहेर गेले, गाडीभोवती एक चक्कर मारली, काचेतून आत पान्याकडं बघितलं आणि परत आले. 

एकच विचारते आणि खरं उत्तर दे. त्या सकाळी तू घरात होतास. आई-बाबा निघाले तेव्हा त्यांना बघितलंस का? आई कशी दिसत होती? मी हे तुला कधी विचारलं नाही.

ओशिल्ड

•

मीरे, २२ मार्च

ओशिल्ड,

बघितलं नाही. मी झोपलो होतो. आई कशी दिसत होती मला माहीत नाही. आवाज ऐकला. तो शेवटी सांगतो, नाहीतर आधीच लिहिणं सोडून देईन.

बाबांची पाठ धरली होती म्हणून आदल्या दिवशी चाकं मी बदलली. ते दारापुढच्या पायरीवर बसून बघत होते आणि सारखं सांगत होते, समोरासमोरचे, समोरासमोरचे. मी म्हटलं, बाबा, मी उत्तर ध्रुवापर्यंत जाऊन आलोय, मला चाक बसवता येतं. खरं तर मी ध्रुवाच्या जवळपासही गेलो नव्हतो. झालं की त्यांनी पाना सीटवर ठेवला, स्वतःच्या हातानं, आणि म्हणाले, उद्या आईला ट्रोंधाइमला डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्यायचंय, क्विक्नेच्या पुढं थांबून आवळीन.

संध्याकाळी मला नाचाला जायचं होतं. बारा किलोमीटर जायचे, बारा यायचे. गाडी घेऊ का विचारलं, तर आई म्हणाली, घे. मी पाना उचलला आणि डिक्कीत टाकला. बसायचं होतं ना मला. मनात आलं, येताना अंगणात आवळून टाकू, चोवीस किलोमीटर तर होतातच. येताना बर्फ पडत होता आणि हात गारठले होते. म्हटलं, सकाळी. पाना परत सीटवर ठेवायचा होता, तोही ठेवला नाही. एवढंच आहे, ओशिल्ड. काही मोठं नाही. पाच मिनिटांचं काम.

सकाळी बाबांनी जिन्याखालून हाक मारली. म्हणाले, ‘टोर्ये, पाना सीटवर नाही. नट आवळलेस का तू?’

मी म्हणालो, ‘हो.’

डोळे न उघडता. मी त्यांना फसवायला म्हणालो नाही, उठायला नको म्हणून म्हणालो. आणि मग आईचा आवाज आला, ‘झोपू दे त्याला.’ तू विचारलंस ना, आई कशी होती. एवढीच माझ्याकडं आहे.

दुपारी आर्नल्योत आला. त्यानं टोपी काढली तेव्हाच मला कळलं. फौजदार दुसऱ्या दिवशी घरी आले, स्वयंपाकघरात बसले. बाबांच्या बरगड्यांना पट्टा होता, त्यांना नीट बसताही येत नव्हतं. फौजदारांनी विचारलं, नट कुणी आवळायचे होते? बाबांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. बसमध्ये एखादं पोर ओकलं की बघायचे ना, तसं. आणि म्हणाले, ‘मी. विसरलो.’

माझ्या हातात कॉफीचा कप होता. मी तो टेबलावर ठेवला. त्या दिवशी मी एवढंच केलं.

बाबा काही विसरलेले नाहीत. राजाचं नाव नाही, सात आठे नाही, काही नाही. त्यांनी माझ्यासाठी एक खोटं सांगितलं, आणि ते टिकवायचं म्हणून आता सगळंच विसरल्यासारखं करतायत. तीस वर्षांत एका पोराला ओरखडा नाही, आणि गाव म्हणतं, म्हाताऱ्याचं डोकं गेलं. आणि मी इथं माशांच्या जिभा मोजतोय.

सही करू नकोस. हे पत्र डॉक्टरांना दाखव, फौजदारांना दाखव, सगळ्यांना दाखव.

टोर्ये

•

घर, २८ मार्च

टोर्ये,

पत्र मी टपालाच्या पेटीजवळ उभ्या उभ्या वाचलं. मग तिथंच बर्फात बसले. टिरिल खिडकीतून बघत होती म्हणून उठले.

बाबा बटाटे सोलत होते. मी पत्र त्यांच्यासमोर ठेवलं नाही, नुसतं विचारलं, तुम्ही त्या सकाळी टोर्येला हाक मारली होती का? त्यांनी सुरी खाली ठेवली.  मग म्हणाले, त्यानं लिहिलं का? मी म्हटलं, हो. तर त्यांचा खालचा ओठ असा हलायला लागला, जसा आईला कबरीत उतरवतानाही हलला नव्हता.

मी त्यांच्यावर ओरडले, टोर्ये. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, पाच महिने तुम्ही मला वेड्यात काढलंत, मी तुमच्यासाठी आश्रम शोधत फिरले, डॉक्टरांपुढं बसले, आणि तुम्हाला सगळं ठाऊक होतं. त्याला का वाचवलंत? त्यानं खोटं सांगितलं आणि आई गेली.

तेव्हा ते बोलले. शब्द न शब्द लिहिते, कारण ते फक्त तुझ्यासाठी होतं असं मला वाटतं.

‘तो झोपेत होता. झोपलेल्या माणसाला नटांचं विचारायचं नसतं. तीस वर्षांत मी गॅरेजमध्ये कुणाला विचारलं नाही. मेकॅनिक शपथेवर सांगायचा, तरी मी गुडघे टेकून स्वतः हात लावायचो, कारण मागं चाळीस पोरं असायची. त्या दिवशी मागं पोरं नव्हती. फक्त तुमची आई होती, बोर्ग्नी. आणि माझी पाठ दुखत होती. म्हणून विचारलं. मी खोटं बोललो नाही. मीच विसरलो, काय विसरायचं नसतं ते.’

मी आश्रमाचा कागद फाडून चुलीत टाकला. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, पुन्हा तपासू. मी म्हटलं, गरज नाही, त्यांना सात आठे छप्पन येतात.

बाबांनी तुझं पत्र वाचायला मागितलं. चष्मा लावून दोनदा वाचलं आणि मला परत दिलं. पाकीट मात्र ठेवून घेतलं.

तू ये असं मी लिहीत नाही. माझ्यात अजून ते आलेलं नाही. तुझ्या ‘हो’वर मी रात्रंदिवस विचार करते. एवढासा शब्द. आणि त्याहून जास्त त्या कपावर, जो तू ठेवलास. पहिल्याचं मी समजू शकते. दुसऱ्याचं नाही.

ओशिल्ड

•

घर, ३० मार्च, शुक्रवार

टोर्ये,

बाबा गेले आहेत. गाडी घेऊन.

आज सकाळी मी टिरिलला इथल्या शाळेत सोडायला चालत गेले, तात्पुरतं तिथं बसवते तिला. परत आले तर फाटकाबाहेर नुसते चाकांचे माग. चिठ्ठी नाही. खुर्चीवर त्यांच्या घरातल्या चपला नीट जोडून ठेवलेल्या. मी सात तारखेसाठी भरून ठेवलेलं सगळं गाडीतच होतं, तसंच गेलं. आईचं लोकरीचं पांघरूणसुद्धा.

मी फौजदारांकडं धावले. ते म्हणाले, आठ वाजता आले होते. ऑक्टोबरात स्वतः येऊन लायसन टेबलावर ठेवून गेले होते, ते आज परत मागितलं. फौजदारांनी विचारलं, कुठं निघालात? बाबा म्हणाले, एक काम अर्धवट राहिलंय. फौजदारांनी दिलं. मी त्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही.

मला एकच जागा सुचली. आर्नल्योतला घेऊन, जिथं आई गेली त्या क्विक्नेच्या पुढच्या पुलावर गेले. वाटेत मी खाली नदीकडं बघायला नको म्हणून सारखी त्याच्याशीच बोलत होते. पुलाअलीकडं बर्फात गाडी थांबल्याच्या खुणा होत्या. आणि चार ठिकाणी, चारही चाकांपाशी, गुडघे टेकल्याचे खड्डे.

घरापासून तो पूल अठ्ठेचाळीस किलोमीटरवर आहे.

आर्नल्योत वाकून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, ‘नट आवळून पुढं गेलाय. जीव द्यायला निघालेला माणूस नट आवळत नाही, ओशिल्ड.’ मला ते धरून ठेवायचंय. पण माग उत्तरेला वळलेत, आणि रेडिओ सांगतोय की वर, तुझ्याकडं येणाऱ्या वाटेवर, साल्टफियेलचा डोंगर वादळानं बंद केलाय. तुमच्याकडं फोन लावला, तर लाईन पडलीय म्हणाले. पासष्ट वर्षांचे, बरगड्या नुकत्याच जुळलेल्या, पाच महिने गाडीला हात नाही.

आर्नल्योत आत आला. कॉफी प्यायला. तो अजून इथंच बसलाय.

तुला काही कळलं तर तार कर. काहीही.

ओशिल्ड

•

मीरे, ४ एप्रिल

ओशिल्ड,

तुझी दोन्ही पत्रं काल संध्याकाळच्या बोटीनं एकदमच आली. अठ्ठावीस तारखेचं आधी वाचलं, आणि तुझं बरोबर आहे, कपाचं. मी त्यावर उत्तर लिहायला बसणार होतो. मग दुसरं उघडलं.

बंदराच्या कचेरीत तीनदा जाऊन आलो. लाईन अजून बंद. तार जात नाही. साल्टफियेल चार दिवस बंद होता, काल दुपारी बर्फ हटवणाऱ्या गाडीमागं रांग लावून पंधरा-पंधरा गाड्या सोडल्या, असं रेडिओवर सांगितलं. त्याआधी वर तीन गाड्या अडकल्या होत्या म्हणे. कुठल्या, ते सांगितलं नाही. मी त्या बातमीवाल्याला शिव्या देतोय आणि वैको मला देतोय, कारण मी रात्रभर खोलीत फेऱ्या घालत होतो.

मी मनातल्या मनात सारखी गाडी भरतोय. वाळू आहे. फावडं आहे. मेणबत्त्या आहेत, काडेपेट्या दोन. पांघरूण. चीज. ते इंजिन चालू ठेवून बसणार नाहीत, ते चालत निघणार नाहीत, हे मला त्यांनीच शिकवलं आणि मी तुला लिहिलं. म्हणजे एका माणसाला तीन दिवस पुरेल. चार दिवसांना कसं पुरेल, त्याचा हिशोब जमत नाही. एक मेणबत्ती सहा तास. तू किती ठेवल्या होत्यास?

पिशवी भरून ठेवलीय. मुकादमाला सांगितलं, जातोय. तो म्हणाला, हंगामात गेलास तर परत घेणार नाही. दहाची बस आहे. फाउस्केपर्यंत बसनं, पुढं जे मिळेल त्यानं, डोंगरापर्यंत. तिथून विचारत विचारत पुलापर्यंत. सापडले तर त्यांना घेऊन घरी येतो, तू दार उघड किंवा नको उघडूस. फौजदारांकडं मी स्वतः जाईन. तो कागद बदलायचाय. ‘मी विसरलो’ हे त्यावरून काढायचंय आणि तिथं माझं नाव लिहायचंय. आईबद्दल मला अजून काही

वैको खिडकीतून बघत विचारतोय, ही पालकाच्या रंगाची, पण एकाच बाजूनं, अशी गाडी कुणाची? खाली धक्क्यावर येऊन थांबलीय.

ओशिल्ड, बाबा आहेत. उतरलेत. दाढी वाढलीय, आईचं पांघरूण खांद्यावर. हातात माझ्या पत्राचं पाकीट, बरॅकच्या दारावरच्या पाट्या वाचतायत. मागचं एक चाक वेगळंच दिसतंय, स्पेअर घातलेलं, वाटेत कुठंतरी पंक्चर झालं असणार. वर बघितलं त्यांनी. मला बघितलं. हात केला नाही.

आता डिक्की उघडली. पाना काढला. ड्रायव्हरच्या सीटवर ठेवला, दार लावलं, आणि बाजूला होऊन उभे राहिलेत.

मी खाली जातो.